गच्चीवरचं ऊन आणि आपलं लाइट बिल

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आम्ही राज्य सरकारचे साधे नोकर. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला असला तरी आमचं खातं विजेचं नाही. आम्ही कुठल्या कंपनीचे एजंटही नाही. मग आम्हाला इथं का उभं केलं? तर गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर सोलर बसलं, आणि तेव्हापासून मंडळात भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "पॅनेल कोणतं घेतलंत?" चिटणीस म्हणाले, एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगा. म्हणून हा प्रपंच.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, "पॅनेल कोणतं" हा प्रश्न चौथा आहे. त्याच्या आधी तीन प्रश्न आहेत : आपलं बिल काय सांगतं, आपली गच्ची काय सांगते, आणि घरातली माणसं काय सांगतात. आम्ही पहिल्या दोन प्रश्नांवर बरंच डोकं चालवलं, तिसरा अर्धाच विचारला, आणि त्याची किंमत मोजली. ती हकीकत पुढे येईलच.

बडोद्याला सूर्याची ओळख नव्यानं करून द्यायची गरज नाही. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून आपल्या शहराजवळ आले होते, ते नर्मदेच्या बडोदा शाखा कालव्यावर उभारलेल्या १० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन करायला. कालव्यावर पॅनेल, म्हणजे जमीन अडत नाही आणि खालच्या पाण्याची वाफही कमी होते. १० मेगावॅट म्हणजे ३ किलोवॅटची तीन हजारांहून जास्त घरं. पुढे २०१९ मध्ये 'सूर्य गुजरात' योजना आली आणि कारेलीबाग, मांजलपूर, गोत्रीकडच्या टेनामेंटच्या गच्च्या हळूहळू निळ्या-काळ्या दिसू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली, तेव्हा आमच्या घरीही विषय निघाला.

विषय निघाला तो आईमुळे. मे महिन्यात पारा ४३ वर, आणि आई दुपारी एसी बंद करून पंख्याखाली बसलेली. विचारलं तर म्हणे, "मला नाही लागत." रात्रीही तेच. आम्ही झोपलो की ही हळूच उठून बंद करणार. वय पंचाहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि डोळ्यांसमोर मात्र लाइट बिल. एका दुपारी चक्कर येऊन पडली. सुदैवानं फार लागलं नाही. पण त्या दिवशी सौभाग्यवतींनी बजावलं, "आता पुढचा उन्हाळा असा काढायचा नाही." बाबा म्हणाले, पैसे माझ्या ठेवीतून घ्या. म्हणजे पैसा बाबांच्या निवृत्तीचा होता. चूक करायला जागा नव्हती.

पहिला प्रश्न, बिल. आपल्याकडे बिल दोन महिन्यांनी येतं. ही साधी गोष्ट, पण इथंच पुष्कळ जण फसतात. बिलावरचे युनिट एका महिन्याचे समजून दुप्पट सोलर बसवलेली घरं आम्ही पाहिली आहेत. तेव्हा वर्षाची सहाही बिलं काढा आणि जमिनीवर मांडा. आमची बेरीज ४,३०० युनिटच्या आसपास आली. भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सरासरी बारा युनिट. बडोद्यासारख्या ठिकाणी १ किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट देतं असं ढोबळमानानं धरतात. पावसाळ्यात कमी, मार्च ते मे जास्त. बारा भागिले चार, तीन किलोवॅट. झाला हिशेब.

आमच्याकडे आलेले पहिले गृहस्थ मात्र पाच किलोवॅट घ्या म्हणून मागे लागले. त्यांनी फक्त मे-जूनचं बिल पाहिलं होतं. "साहेब, जास्त झालेली वीज विकाल," म्हणाले. ऐकायला गोड वाटतं. पण आपण दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्री वापरलेल्या विजेत वळती होते, तोपर्यंत आपला पूर्ण फायदा. त्यावर जी शिल्लक राहते, ती वीज कंपनी फार कमी दरानं घेते. सूर्य गुजरात योजनेत हा दर युनिटला २.२५ रुपये होता. त्या भावानं वीज विकायचा धंदा करण्यासाठी कोणी बाबांची ठेव मोडू नये. आणखी एक, बिल अगदी शून्य होईल ही अपेक्षाही नको. स्थिर आकार राहतोच.

अनुदानाचं गणितही तीन किलोवॅटकडेच बोट दाखवतं. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००. त्यापुढे दहा किलोवॅट लावा, अनुदान तेवढंच. ज्यांचा वापर खरोखर जास्त आहे, विजेवर चालणारी गाडी आहे, त्यांनी जरूर मोठं घ्यावं. पण हौसेखातर नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हिरमुसून जाऊ नये. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्यासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. मात्र गच्ची सर्वांची, तेव्हा आधी सभेत ठराव करा, मग कोटेशन मागवा. उलटं केलं की भांडणं होतात.

दुसरा प्रश्न, गच्ची. तीन किलोवॅटसाठी ५५० वॅटची सहा पॅनेलं लागतात. एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. मध्ये फिरायला, धुवायला वाट सोडली तर अडीचशे-तीनशे चौरस फूट धरा. तोंड दक्षिणेला. आपल्या अक्षांशाला वीस-बावीस अंशांचा कल चांगला.

वजनापेक्षा जास्त भीती वाऱ्याची. पॅनेल म्हणजे पत्र्याचं शीडच. वादळात वारा खालून उचलतो. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे ज्यांची जुनी लाकडी वाड्यांची घरं अजून उभी आहेत, त्यांनी एखाद्या सिव्हिल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नये. नव्या घरांच्या गच्चीवर आपल्याकडे चायना मोझेक असतं. त्याला थेट भोकं पाडू देऊ नका, पहिल्याच पावसात खालच्या खोलीत पाणी टपकेल. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करायला सांगा. लोखंड गरम झिंकमध्ये बुडवून काढलेलं असावं, नुसतं रंगवलेलं नको. पॅनेल पंचवीस वर्षं टिकलं आणि त्याचे पाय सात वर्षांत गंजले तर उपयोग काय?

आणि उत्तरायण विसरून चालेल का? आमच्या चिरंजीवांचा पहिला प्रश्न तोच होता, "पतंग कुठे उडवायचे?" म्हणून आम्ही स्ट्रक्चर उंच घेतलं, खालून माणूस ताठ चालत जाईल एवढं. खर्च थोडा वाढला, पण खाली सावली झाली. आता बाबा हिवाळ्यात उन्हात आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्या सावलीत बसतात. एक सूचना : पॅनेलात अडकलेला पतंग काढायला मुलांना वर चढू देऊ नका. काच वरून शाबूत दिसते, पण आतल्या पेशीला बारीक तडे जातात आणि ते पुढे वीज खातात.

आता तिसरा प्रश्न, घरातली माणसं. इथं आमची एक शहाणपणाची आणि एक मूर्खपणाची गोष्ट आहे.

शहाणपणाची आधी. इन्व्हर्टर कुठे लावायचा यावर बोलणं चाललं होतं. कारागीर म्हणाला, खाली मीटरपाशी लावू, वायर वाचेल. बाबा उठले आणि भिंतीवरची खूण दाखवली. ३१ जुलै २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची. म्हणाले, "याच्या वर, आणि अजून चार फूट वर." आम्ही तो जिन्याच्या खोलीत, गच्चीलगत लावला. हे जुलै २०२४ मधलं. ऑगस्टअखेर काय झालं ते इथं बसलेल्यांपैकी कोणी विसरलेलं नाही. विश्वामित्री अशी चढली की आधीचे पूर फिके पडले. आमच्या ओळखीच्या एका घरी इन्व्हर्टर खालीच होता, तो पाण्यात गेला. आमचा वाचला.

पण त्या पुरात आणखी एक गोष्ट कळली. परिसराची वीज बंद, बाहेर पाऊस उघडून लख्ख ऊन पडलेलं, आणि आमचं नवंकोरं सोलर मुकाट. आई म्हणाली, "अरे, ऊन आहे ना?" तेव्हा तिला समजावून सांगितलं. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसेल. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र वगैरे आहे त्यांनी तो विचार करावा. पण हे आधी माहीत असावं, पुरात कळू नये.

आता मूर्खपणाची गोष्ट. जुलैत पॅनेलं बसत होती, तेव्हा आई वर आली. पश्चिमेकडची दोन पॅनेलं जिन्याच्या खोलीजवळ येत होती. ती म्हणाली, "त्या कोपऱ्यात थंडीत दुपारनंतर ऊन नसतं हं. मी गाद्या तिथं कधीच टाकत नाही." आम्ही वर पाहिलं. ढगांतून सूर्य बरोबर डोक्यावर. खोलीची सावली जेमतेम पायाशी. आम्ही डिप्लोमावाले, कारागीर अनुभवी. हसून म्हणालो, "आई, हे गाद्यांचं काम नाही."

डिसेंबर आला. मोबाइलच्या अॅपवर रोजचे युनिट दिसतात. आकाश निरभ्र, हवा थंड, पॅनेलला याहून चांगले दिवस नाहीत, आणि आकडा नऊच्या वर जाईना. एका दुपारी वर जाऊन पाहिलं, तर अडीच वाजता खोलीची सावली त्या दोन्ही पॅनेलांवर तिरकी पसरलेली. बडोदं कर्कवृत्ताच्या अगदी खाली. जून-जुलैत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाशी. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारी भिंतीची सावली भिंतीच्या उंचीएवढी पडते. सकाळी नऊला तर अडीच पटीहून लांब. ज्या महिन्यात आम्ही मोजमाप केलं, तो महिनाच चुकीचा होता.

कोणी म्हणेल, सहातल्या दोनांवर सावली आली तर दोनांचीच वीज कमी होईल. तसं नसतं. ही पॅनेलं एकापाठोपाठ एक अशी ओवलेली असतात. पाण्याच्या एकाच नळीला मध्ये चिमटा बसला की पुढेमागे सगळीकडे धार बारीक होते, तसाच प्रकार. पॅनेलात डायोड असतात, ते अडलेला भाग वगळून वीज पुढे नेतात, त्यामुळे नुकसान थोडं आवरतं, पण थांबत नाही. शेवटी दोन पॅनेलं काढून पूर्वेच्या टोकाला हलवली. स्ट्रक्चर वाढवावं लागलं, खर्च आमच्या खिशातून. कारागिराला तरी काय बोलणार? सांगणारीनं सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नव्हतं. आई एक अक्षर बोलली नाही. हे जास्त लागलं.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. कोटेशन मागवण्याआधी घरातल्या आईला, आजीला, काकूला गच्चीवर न्या. वाळवण कुठे घालता, रजया कुठे टाकता, थंडीत ऊन खायला कुठे बसता, विचारा. त्यांच्याकडे चाळीस वर्षांची नोंद आहे. जमलं तर २२ डिसेंबरच्या आसपास सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावल्यांच्या कडा खडूनं आखा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचं झाड, सगळं धरा. शेजाऱ्याला मजला चढवायचा आहे का, तेही चहा पिता पिता विचारून घ्या. खडूच्या बाहेर जी जागा उरते, तीच सोलरची.

आता चौथा प्रश्न, पॅनेल. हा थोडक्यात आटपतो.

निळ्या रंगाचं पॉली जुनं झालं. नवीन घेताना काळसर मोनो घ्या. त्यात दोन जाती बाजारात सांगतात, मोनो पर्क आणि टॉपकॉन. पॅनेलवर लिहिलेले ५५० वॅट प्रयोगशाळेतले असतात, पेशीचं तापमान २५ अंश असतानाचे. आपल्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर तापतं. चाळीस अंशांचा फरक. पर्कची वीज अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते, टॉपकॉनची ०.३० च्या आसपास. म्हणजे एकाची चौदा टक्के घट, दुसऱ्याची बारा. माहितीपत्रकात 'टेम्परेचर कोएफिशंट' म्हणून हा आकडा असतो, तो जरूर वाचा. पॅनेलखालून वारा खेळता राहिला तर तेही थोडं थंड राहतं. किंमत फार वेगळी नसेल तर टॉपकॉन घ्या. फार महाग पडत असेल तर पर्कही वाईट नाही.

बायफेशियल म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज करणारं. खाली पांढरी चायना मोझेक आणि स्ट्रक्चर उंच असेल तर मागची बाजू खरोखर काम करते. छपराला चिकटवून लावायचं असेल तर तिचा फायदा नाही.

अनुदान हवं तर पॅनेल डीसीआर, म्हणजे पेशीसकट भारतात बनलेलं असावं लागतं. बिगर-डीसीआर स्वस्त पडतं, म्हणून कोणी "अनुदान सोडा, मी कमी करून देतो" म्हणाला तर दोन्ही हिशेब कागदावर मांडायला लावा. पॅनेल गच्चीवर चढण्याआधी प्रत्येकाचा क्रमांक बिलाशी ताडून पाहा. आम्ही सहाही पॅनेलांचे फोटो काढून ठेवले.

वॉरंटी दोन असतात. एक वस्तूची, दहा-बारा वर्षं. दुसरी वीजनिर्मितीची, पंचवीस वर्षांची, की तेव्हाही ८० टक्क्यांच्या वर वीज मिळेल. विक्रेता पंचवीसच सांगतो, तुम्ही दोन्ही विचारा. इन्व्हर्टरची वेगळी विचारा, कारण सगळ्यात आधी तोच कुरकुरतो. सूर्यघरमध्ये बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते, ती लेखी घ्या. अर्थिंग तीन हवेत : पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीज पडण्यापासून संरक्षणाचं. इथं काटकसर नको.

आणि धुणं. आपल्याकडची धूळ आणि कबुतरं दोन्ही जबरदस्त. पावसाळा सोडून दहा-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, मऊ फडक्यानं. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका. बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून गोड्या पाण्यानं धुवा.

आमची तीन कोटेशनं होती. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत चाळीस हजारांचा फरक. आम्ही मधलं घेतलं, कारण त्या माणसानं आधी सहा बिलं मागितली होती. बाकी दोघांनी फक्त गच्चीचा फोटो मागितला.

सयाजीराव महाराजांनी आजव्याचं तळं बांधलं, त्याचं पाणी आपण आजही पितो. मोठ्या माणसांची मोठी कामं. पण घरातलं कामही पंचवीस वर्षांच्या हिशेबानं करायचं असतं, हे आपण बडोदेकर त्यांच्याकडूनच शिकलो. आज बसवलेलं पॅनेल चिरंजीव नोकरीला लागेल तेव्हाही चालू असणार आहे.

शेवटी आईचं सांगतो. सोलर बसलं तरी यंदाच्या एप्रिलमध्ये ती एसी बंदच करत होती. आमच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, आणि का असावा? मग मार्च-एप्रिलचं बिल आलं. आम्ही ते तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला, मागचं बिल मागवलं, दोन्ही शेजारी धरली, दोनदा वाचली. काही बोलली नाही. त्या रात्री दोन वाजता जाग आली. तिच्या खोलीत एसी चालू होता, आणि ती पांघरूण घेऊन झोपली होती.

एवढंच सांगायचं होतं. कोणाला बिलं घेऊन घरी यायचं असेल तर रविवारी सकाळी या, आम्ही गच्चीवरच असतो. येताना आपल्या आईलाही घेऊन या.